उसनं दुखणं

शिंप्याला काहीही झालेलं नव्हतं, आणि घरात सगळ्यांना त्याचीच काळजी लागून राहिली होती.

काळजीचं मूळ एका खोक्यात होतं. शिंप्याची लेक परदेशात डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या कॉलेजात बावीस देशांची मुलं शिकत, आणि शेवटच्या वर्षी प्रत्येकाला आपापल्या घरचं एक माणूस निवडून नऊ महिने दुरून सांभाळावं लागे. त्या माणसाच्या घरी कॉलेज एक खोकं पाठवी. खोक्यात मनगटाला बांधायचा पट्टा, छातीला चिकटवायची कोटाच्या बटणाएवढी चकती, एक वजनकाटा आणि हे सगळं ऐकून मोबाइलमधून बोलणारी एक बाई. पट्टा नाडी मोजे, चकती काळजाचा आवाज टिपे, काटा वजन सांगे आणि बाई त्यावर मत देई. मुलांनी तिकडे बसून त्या माणसात काय बिघडलंय ते हुडकायचं, इथल्या डॉक्टरांशी बोलून त्याला मार्गाला लावायचं आणि नवव्या महिन्याच्या शेवटी तीन परीक्षकांपुढे उभं राहून सगळं समजावून सांगायचं. त्यात गडबडलं की वर्ष गेलं. पुढे म्हणे माणसागणिक एकेक पट्टा येणार होता आणि ज्याचा त्याचा डॉक्टर कुठल्या तरी लांबच्या खिडकीत बसलेला असणार होता. त्याची ही रंगीत तालीम.

लेकीने आधी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, माझा गुडघा दुखतो हे मला इथे बसून कळतंय, ते समुद्रापलीकडून कशाला बघायचं. मग लेकीने बाबांचं नाव दिलं. एकदा दिलेलं नाव बदलता येत नव्हतं.

शिंपी एकसष्ट वर्षांचा होता. चौतीस वर्षं तो पायाच्या मशीनवर बसत आला होता. दवाखान्यांचे पांढरे डगले, शाळांचे गणवेश, वाजंत्र्यांचे झुबकेदार कोट, जे येईल ते शिवायचं आणि शिवताना गुणगुणायचं. गाणं एकच, आणि तेही त्याचं त्यानेच जुळवलेलं.

सुई गं माझी बारीक, दोरा गं माझा लांब
लेक चालली दूरदेशी, टाक्याटाक्याला थांब

लेक चार वर्षांची असताना, ती कुठेही चाललेली नसताना, हे गाणं त्याने जुळवलं होतं. बायको म्हणायची, तुम्हीच तोंडाने बोलून ठेवलंत, मग ती गेली.

पहिल्या महिन्याचा अहवाल आला तेव्हा मोबाइलमधली बाई म्हणाली, "अभिनंदन. आपले हृदय आनंदी आहे." दुसऱ्या महिन्यात वजन आनंदी निघालं. तिसऱ्यात झोप. शिंप्याची बायको पलीकडे बसून काजं करत असे. ती मान वर न करता विचारी, "काय म्हणते तुमची ती?" आणि शिंपी खाली मान घालून सांगे, "चांगलंच म्हणते."

दर रविवारी दुपारी लेकीचा फोन येई. एका रविवारी ती हसत हसत म्हणाली, की बाबा, तुमच्यात काही सापडतच नाही. तिच्या वर्गातल्या एका मुलाची आजी होती, तिला चार आजार होते आणि पाचवा येऊ घातला होता. तो मुलगा सगळ्यांच्या पुढे होता. एकीच्या मामाचं मूत्रपिंड कुरकुरत होतं. एकीचा भाऊ तरणाताठा, पण त्याच्या रक्तात असं काही निघालं की त्याच्यावर दोन प्राध्यापक खूश होते. लेक हसली खरी. पण शिंप्याने उभ्या जन्मात इतक्या लोकांची मापं घेतली होती की आत ओढून धरलेलं पोट त्याला लांबून कळे. तिचं हसू तसं आत ओढून धरलेलं होतं.

शिंप्याने कधी कुणाला मापात कमी दिलं नव्हतं. कापड तोकडं पडलं तर आतून जोड द्यायचा, अस्तर फिरवून घ्यायचं, पण गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. आणि आता पोटच्या पोरीला द्यायच्या वेळी त्याच्याकडे एक साधं दुखणं निघू नये, हे त्याच्या मनाला लागलं.

त्याने प्रयत्नांत कसूर केली नाही. मीठ वाढवलं. दुपारची डुलकी बंद केली. कोपऱ्यावरच्या पाच मजली इमारतीचे जिने तो दिवसातून तीनदा धापा टाकत चढला. आठवड्याने मोबाइलमधली बाई म्हणाली की आपण व्यायाम सुरू केल्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन, आपलं हृदय आता पन्नाशीचं झालं आहे. शिंप्याने जिने बंद केले.

"आणखी आठवडाभर चढला असतात तर लग्नाला उभे राहिला असतात," बायको म्हणाली.

शिंप्याच्या दुकानाला लागून घड्याळजीचं दुकान होतं. मध्ये फक्त फळ्यांची भिंत, आणि बाहेर दोघांत मिळून एकच पायरी. घड्याळजीच्या भिंतींवर पन्नासेक घड्याळं होती, सगळी चालू आणि प्रत्येकाचं म्हणणं थोडं वेगळं. त्यातलं एक लंबकाचं घड्याळ कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलं होतं आणि परत न्यायला आलंच नव्हतं. ते पाच वाजता चार ठोके देई, मग एक श्वास घेण्याइतकं थांबे आणि काहीतरी विसरलेलं आठवल्यासारखा पाचवा देई. लहानपणी लेक शाळेतून आली की मशीनखाली बसून अभ्यास करी, आणि पाचवा ठोका पडला की खेळायला पळे. चौथ्यावर कधी उठली नाही. कधी वाटे, घड्याळजीने ते घड्याळ तिच्यासाठीच बिघडलेलं ठेवलंय.

घड्याळजी सडाफटिंग होता आणि दुकानामागच्या खोलीत राहायचा. डॉक्टरचं तोंड त्याने पाहिलेलं नव्हतं आणि पाहायचा विचारही नव्हता. त्याचं म्हणणं असं, की मी रोज घड्याळं उघडतो, परत लावताना एखादा स्क्रू शिल्लक राहतोच, तर माणसं उघडणाऱ्यांकडे काय काय शिल्लक राहत असेल. गेल्या वर्षापासून पायरी चढून आला की तो घटकाभर दाराची चौकट धरून उभा राही आणि आपण रस्ता बघतोय असं दाखवी.

सहावा महिना संपत आला तेव्हा तो एकदा चहा घ्यायला शिंप्याकडे आला आणि त्याने तो पट्टा भिंगाखाली धरला.

"याला काटे कुठं आहेत?"

शिंप्याने सांगितलं की हे घड्याळ नाही, हे नाडी बघतं. घड्याळजीने तो आपल्या मनगटाला गुंडाळला. थोड्या वेळाने मोबाइलमधली बाई आजवर कधी न काढलेल्या आवाजात बोलली. "ठोके अनियमित आहेत. कृपया शांत बसा."

"मी तीस वर्षं शांतच बसलोय," घड्याळजी म्हणाला.

शिंपी त्या मनगटाकडे बघत राहिला. एखाद्या कोटाला शेवटचं बटण कमी पडावं, सगळा बाजार पालथा घालूनही जुळतं मिळू नये आणि शेजाऱ्याच्या डबीत ते अलगद निघावं, तसं त्याला झालं. शिंपी शिंप्याकडून बटण उसनं घेतोच. त्यात वावगं असं काही त्याला दिसलं नाही. त्याने मन मोकळं केलं. घड्याळजीने पोरीला खांद्यावर खेळवलेलं होतं. तो म्हणाला, घेऊन जा, मला तरी त्याचं काय करायचंय. अट एकच, मी दवाखान्यात येणार नाही.

मनगट बारीक होतं म्हणून शिंप्याने पट्ट्याला आतून इलॅस्टिकचा तुकडा शिवून दिला, तोही जुळत्या रंगाचा. दुपारी गिऱ्हाईक कमी असे, म्हणून चार ते सहा ही वेळ ठरली. शिंपी पलीकडे जाऊन घड्याळजीच्या छातीवर चकती चिकटवी, पट्टा बांधी, आणि मोबाइलमधली बाई विचारी, "आपण तेच आहात ना?" मग शिंपी दुसऱ्याच्या हातावर ओणवा होऊन म्हणे, "हो." उरलेल्या वेळी पट्टा खिळ्याला टांगलेला असे. लेकीला सांगायला त्याने कारणही शोधून ठेवलं होतं, की हल्ली शिवताना पट्टा धाग्यात अडकतो. तिने ते विचारलंच नाही. बायकोला त्याने यातलं काही सांगितलं नाही. फळ्यांच्या भिंतीशी बसून ती दिवसभर काजं करते, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

तिसऱ्याच दिवशी, रविवार नसताना, लेकीचा फोन आला. रविवारचा आवाज लेकीचा असे. हा कुणा दुसऱ्याच बाईचा होता, अंगात डगला घातलेल्या. पायरी चढताना दम लागतो का? छातीत फडफडल्यासारखं होतं का? शिंपी प्रत्येक प्रश्नाला फोनवर तळवा दाबून फळीशी जाई आणि हलक्या आवाजात पलीकडे विचारी.

"पाय सुजतात का?"

"कुणाचे?"

"तुझे रे."

"संध्याकाळी बुटात मावत नाहीत."

"बुटात मावत नाहीत," शिंपी फोनमध्ये म्हणाला.

मग लेक म्हणाली, "बरं." शिंप्याने जन्मात पायात बूट घातले नव्हते. हे त्याला फोन ठेवल्यावर आठवलं. लेकीला आठवलं नसावं, असं त्याने धरलं.

पुढच्या रविवारी ती नेहमीसारखी बोलली. गोळ्या, दवाखाना, काही नाही. शिंप्याला वाटलं होतं की आता तपासणीला जा म्हणून मागे लागेल. त्यासाठी त्याने सात सबबी जुळवून ठेवल्या होत्या. त्यातली एकही लागली नाही. उलट महिन्याभरात मोबाइलमधली बाई निवळली. ठोके सुधारत आहेत, म्हणाली. पुढे म्हणाली, प्रगती समाधानकारक आहे. शिंप्याने याचं श्रेय स्वतःकडे घेतलं, कारण त्याने घड्याळजीला रोज कोपऱ्यापर्यंत चालत न्यायला सुरुवात केली होती. घड्याळजी चौकट न धरता पायरी चढू लागला. फक्त गुरुवारी सकाळी तो दुकान बंद ठेवून कुठेतरी जाई. सुटे भाग आणायला, म्हणे. बायकोही गुरुवारीच बटणं आणायला बाहेर पडे. बटणं तिने पूर्वी कधी स्वतः जाऊन आणली नव्हती. पण माणसाला हौस येते कधी कधी.

असे दोन महिने गेले. मग एका रविवारी लेक म्हणाली, की बाबा, शेवटच्या महिन्याआधी एका कागदावर माझी सही लागते. ही सगळी नोंद माझ्या पेशंटची आहे, दुसऱ्या कुणाची नाही, असं मी लिहून द्यायचं असतं. मंगळवारपर्यंत.

"लिहून देऊ ना, बाबा?"

"विचारून सांगतो," शिंपी म्हणाला.

"कुणाला?"

काट्यावर वजन करायचं राहिलंय असं सांगून शिंप्याने फोन ठेवला.

आजवरचं खोटं त्याचं होतं. ते त्याने आपल्या हाताने बेतलं होतं, आपल्या अंगावर वागवलं होतं. आता त्याखाली पोरीचं नाव यायचं होतं. आणि तिने नाही म्हटलं तरी गेलं वर्ष, सही करून पुढे उघडकीला आलं तरी गेलं वर्ष, कदाचित डॉक्टरीच गेली. दुखणं उसनं घेताना हे कापड त्याने उलगडूनच पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी तो लेकीसाठी शिवायला घेतलेला पांढरा डगला बेतायला बसला. पास झाल्यावर घालायला म्हणून महिनाभर जपून ठेवलेलं कापड. दुपारी बायकोने बाह्या उचलून पाहिल्या, एकीवर एक ठेवल्या, पुन्हा पाहिल्या.

"दोन्ही डाव्या आहेत," ती म्हणाली.

चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं. शिंपी उठला, पलीकडे गेला आणि घड्याळजीकडून पट्टा आणि चकती मागून घेतली. आतला इलॅस्टिकचा तुकडा उसवून काढला. पट्टा आपल्या मनगटाला बांधला, चकती आपल्या छातीवर लावली. खरं बोलायचं तर निदान अंगावरचं सामान तरी ज्याचं त्याच्या जागी असावं, असं त्याला वाटलं. बाईने विचारलं, आपण तेच आहात ना. तो म्हणाला, हो. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ते खरं होतं, आणि बाईला त्यातला फरक कळला नाही.

मग पाचाला सात-आठ मिनिटं असताना त्याने लेकीला फोन लावला. इकडचं तिकडचं विचारून झालं. तिकडे हवा कशी आहे ते त्याने दोनदा विचारलं.

"बाळा," मग तो म्हणाला, "ते हृदय माझं नाही."

बायकोची सुई काजात अर्धी गेलेली होती, ती तिथेच राहिली.

"माहीत आहे, बाबा."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. आता वाजतील बघा पाच. गप्प राहून ऐका."

शिंप्याने ऐकलं. फळीपलीकडच्या पन्नास घड्याळांनी आपापल्या सवडीने पाच वाजवले. सगळ्यांत शेवटी ते लंबकाचं सुरू झालं. एक, दोन, तीन, चार. मग ते थांबलं. शिंपी थांबला. समुद्रापलीकडे लेकही थांबली असावी. मग पाचवा पडला.

तिने सावकाश सांगितलं. मोबाइलमधली बाई काळजाचा आवाज पुढे पाठवताना धुऊन पाठवते. आजूबाजूची कुजबुज, गाड्या, भांडी, सगळं पुसून नुसती धडधड ठेवते, आणि वर्गातली मुलं तेवढीच ऐकतात. पण त्यांच्याकडे एक म्हाताऱ्या प्राध्यापक होत्या, मुलं त्यांना कानवाल्या बाई म्हणत. त्या न धुतलेला आवाज ऐकायला लावत. म्हणत, माणूस धुऊन मग तपासायचा नसतो. सहा महिने लेकीने बाबांच्या छातीत मशीनची घरघर ऐकली होती आणि दूरदेशीचं गाणं ऐकलं होतं. मग एक दिवस मशीन नाही, गाणं नाही. नुसती घड्याळं, आणि त्यांच्यामध्ये एक अडखळणारं काळीज.

शिंप्याने सगळा विचार केला होता. आवाज आपला, वेळ ठरलेली, इलॅस्टिक जुळत्या रंगाचं. फक्त घड्याळांचा विचार केला नव्हता. तीस वर्षं ती ऐकता ऐकता त्याला ती ऐकू यायचीच बंद झाली होती.

"मग मला काही बोलली का नाहीस?"

"पेशंटची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय तिसऱ्या माणसाला सांगायची नसते, बाबा."

"मी तिसरा?"

"या प्रकरणात, हो."

मग एकेक धागा सुटत गेला. त्याच आठवड्यात लेकीने आईला फोन केला होता. आईला सगळं आधीच ठाऊक होतं, फळी पातळ होती. तिने घड्याळजीला गुरुवारी सकाळी समोर उभं केलं आणि म्हणाली, भावजी, तुमचे पाय बुटात मावत नाहीत, चला. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, लेकीने पाठवलेले आवाज ऐकले, गोळ्या लिहून दिल्या, आणि दर गुरुवारी यायला सांगितलं. दुपारचा पट्टाही चालू ठेवा म्हणाले, गोळी लागू पडते का ते त्यावरून कळत होतं. म्हणजे प्रगती समाधानकारक होती ती गोळ्यांची; कोपऱ्यापर्यंत चालण्याची नव्हे.

"मला सांगू नका, असं कोण म्हणालं?" शिंप्याने विचारलं. प्रश्न लेकीला होता, पण त्याचं तोंड फळीकडे होतं.

फळीपलीकडे खोकला आला. "मी. तीस वर्षं सांगत आलो दवाखान्यात जाणार नाही म्हणून. तू हसला असतास."

शिंपी हसला नाही. तो म्हणाला, की नंतर हसेन, आता पोरीचं वर्ष जातंय.

कारण तो प्रश्न तसाच उभा होता. लेकीने घड्याळजीला विचारून कानवाल्या बाईंना पहिल्याच आठवड्यात सगळं सांगून टाकलं होतं. कॉलेजने निवाडा दिला होता, की घड्याळजीची नोंद त्याच्या डॉक्टरांकडे जाईल, परीक्षेत धरली जाणार नाही. फॉर्मवर ज्याचं नाव तोच पेशंट. आणि ज्या सहीबद्दल तिने विचारलं होतं ती, हे दोन महिने वगळून उरलेल्या नोंदीखाली, खरोखरच करायची होती. बाबांनी पट्टा परत आपल्या हाताला बांधला असता तरच ती करता येणार होती. पण बांधा असं सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि ते घड्याळजीकाकांचं गुपित होतं.

"म्हणजे आता परीक्षेला मी एकटाच," शिंपी म्हणाला. "निरोगी."

"निरोगी."

"त्यावर पास करतील?"

"माहीत नाही, बाबा," लेक म्हणाली. ती पहिल्यांदाच रविवारच्या आवाजात बोलली होती, सोमवार असून.

पुढचा महिना शिंप्याने पट्टा अंघोळीपुरताही काढला नाही. तो भिजला तरी चालतो असं पुस्तिकेत लिहिलं होतं. मीठ नेमाचं खाल्लं, दुपारी डुलकी घेतली. मोबाइलमधली बाई रोज अभिनंदन करी. बायको म्हणाली, आता आजारी पडलात तर बघा. घड्याळजी रोज सकाळी फळीवर दोनदा टकटक करून विचारी, "काही झालं का?" आणि शिंपी खिन्नपणे सांगे, "काही नाही."

परीक्षा झाली ती बुधवारी. फोन गुरुवारी दुपारी आला. बायको आणि घड्याळजी नुकतेच बटणं आणि सुटे भाग न घेता परत आले होते. ते आता उघडपणे बरोबर जात. तिघं मशीनभोवती बसले.

लेक सांगू लागली. तीन परीक्षक होते. मधल्या साहेबांनी नऊ महिन्यांचे कागद दोन मिनिटांत चाळले, मधल्या दोन महिन्यांच्या खिंडारावर बोट ठेवलं आणि ते का, हे कानवाल्या बाईंकडून ऐकून घेतलं. मग म्हणाले, उरलेल्यात काहीच नाही. या माणसाला डॉक्टर कशाला हवा? लेकीच्या आधी चार आजारांची आजी होऊन गेली होती.

मग डावीकडच्या बाईंनी एक कागद काढला. सगळ्या नोंदीत एकच जागा लाल होती. एका सोमवारी दुपारी, पाचाच्या आसपास, नाडी एकशे बत्तीस, सलग अकरा मिनिटं. यंत्राने शेजारी कारण छापलं होतं, जिना चढणे. बाईंनी विचारलं, जिना चढत होते?

"मी म्हटलं, नाही. बसून होते," लेक म्हणाली. "म्हटलं, पेशंट खरं बोलत होता."



मग तिने परीक्षकांना तेवढा तुकडा न धुता ऐकवला. काळजाची धडधड, पळत सुटल्यासारखी, तिच्यामागे घड्याळं, मग चार ठोके, मग ती थांबण्याची जागा, आणि पाचवा. पाचव्यानंतर धडधड पायरी पायरीने उतरत गेली, हे तिने कागदावर बोट ठेवून दाखवलं. मधल्या साहेबांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. उपचार काय केलात, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, उपचार नाही, सल्ला दिला, पुन्हा कुणाचं दुखणं उसनं घेऊ नका. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

"मग?" आईने विचारलं.

"पास केलं. आजीवाल्याचा नंबर पहिला आला. माझ्या कागदावर कानवाल्या बाईंनी फक्त एवढंच लिहिलं, की हिला ऐकू येतं."

शिंप्याने मनगटाचा पट्टा उगाच फिरवला. एकशे बत्तीस हा आकडा त्याने बायकोकडून मापाच्या वहीत लेकीच्या पानावर लिहवून घेतला, बाहीच्या लांबीखाली.

फोन ठेवल्यावर घड्याळजी बराच वेळ आपल्या भिंगाशी चाळा करत बसला. त्याला काहीतरी सलत होतं.

"बघ टेलर," अखेर तो म्हणाला, "माझं हृदय एवढं रीतसर बिघडलेलं. डॉक्टर म्हणाले, असं नमुनेदार क्वचित मिळतं. ते बाद. आणि पोर पास झाली कुणावर, तर तुझ्यावर. तुझ्यात आहे काय?"

"काही नाही," शिंपी म्हणाला. यावेळी त्याला ते सांगताना लाज वाटली नाही.

घड्याळजी पायरीवरून उतरून आपल्या दुकानात गेला. शिंप्याने पांढरा डगला पुढे ओढला. राखून ठेवलेल्या कापडातून उजवी बाही नव्याने बेतून झाली होती. ती जोडायची तेवढी राहिली होती. पाय चालू लागला, मशीन चालू लागलं, दोरा गं माझा लांब सुरू झालं.

फळीपलीकडे पाचाचे ठोके पडू लागले. चौथ्याला शिंप्याने पाय थांबवला आणि सुई कापडात तशीच ठेवून वाट पाहिली.